लोखंड खाणारा बाबू

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! मी एक जुना वजनकाटा आहे, रायपूर स्टेशनवरचा. नाणं टाकलं की माझ्या पोटातलं लाल-पांढरं चाक गरगर फिरायचं, दिवे लुकलुकायचे आणि खट्‌कन जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. म्हणजे शरीर आणि मन, दोन्हींचीही सोय एकाच खिडकीवर!

एकदा सर्कशीचा हत्तीही माझ्यावर चढला होता. पुढचे दोनच पाय ठेवले म्हणा. तिकिटावर आलं, ‘मित्रांपासून सावध राहा.’ तेव्हापासून त्याने माहुताला आपल्या केळ्यांना हात लावू दिला नाही.

मला एका गोष्टीचं मात्र फार कुतूहल वाटे. माणूस तोच, कपडे तेच. गाडीतून बायकापोरं उतरायची असली की तो माझ्यावर हलका उभा राही आणि त्यांना निरोप देऊन परतला की जड. आकडा मात्र तोच! मग हा फरक जातो कुठे?

हे कोडं मला राकेशने सोडवून दिलं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी बनलं आणि गाड्या भरभरून बाबू लोक उतरू लागले. त्यांतच डोंगरगडचा हा राकेश होता. घराण्यात टेबल-खुर्चीची नोकरी लागलेला पहिलाच. ब्राह्मणपाऱ्यात त्याने खोली घेतली. घरी असताना सकाळी बासी खायचा, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर मीठ-कांदा. पण राजधानीचा बाबू बासी खातो म्हटलं तर लोक काय म्हणतील? म्हणून त्याने ती सोडली. मग सकाळी चहा, दुपारी समोसा आणि रात्री फायली. पोरगा वाळत चालला.

त्याचे वडील यशवंतराव रेल्वेत फिटर. त्यांनी बजावलं, “दर रविवारी काट्यावर चढ आन् तिकीट मले पाठव. वजन घटलं तर नोकरी सोडून घरी यायचं.” आणि तात्यापाऱ्यात राहणाऱ्या शांतामावशीला, राकेशच्या आईच्या बहिणीला, त्यांनी पहारेकरी नेमलं.

तिकिटं तर छान जाऊ लागली. दर रविवारी आकडा वर! मीच चक्रावलो. गालाची हाडं बाहेर आणि वजन वाढतंय? एका रविवारी राकेश उतरायला वाकला आणि त्याच्या पँटच्या खिशातून ठण्‌ठण् करत वाण्याकडची लोखंडी वजनं माझ्या पायरीवर पडली. सबंध फलाट वळून बघू लागला.

“काहून रे पोट्ट्या,” पहाऱ्याला शेजारीच उभी असलेली शांतामावशी म्हणाली, “लोखंड खाऊन राहिला का तू?”

राकेश हसायला गेला, पण वजनं गोळा करता करता बोलूनच गेला. “मावशी, एकट्यानं घास उतरत नाही मले. खोलीत ताट घेऊन बसलो की वाटते, आजचं काही सांगाले कोणीच नाही.”

मावशीने वजनं पदरात बांधली. म्हणाली, “वाण्याले परत देऊन ये. आन् वळकटी उचल.”

तिच्या घरी औषध एकच होतं. टीव्ही बंद, सगळे एका ओळीत खाली, आणि ज्याच्याकडे दिवसभरातली एक गंमत नाही त्याला दुसरी वाढ नाही. सकाळी बासी आणि लाल भाजी. रात्री जेवून बूढ़ा तालाबापर्यंत चालत जायचं, मग दिवा बंद. महिनाभर तिकीट पाठवायचं टाळून राकेश पुन्हा माझ्यावर चढला तेव्हा मी ओळखलं, हा हलका झाला होता, आणि आकडा खरोखर वाढला होता!

पण घोळ असा, की यशवंतरावांकडे लोखंडासकटचं तिकीट होतं. नव्या तिकिटावर आकडा त्याहून खाली. दुसऱ्याच रविवारी ते गाडीतून उतरले. “जय भीम, शांताबाई. पोट्टा घटून राहिला. आता मी डोळ्यानं पाहीन. आज या जुन्या तिकिटाचा आकडा भरला नाही, तर संध्याकाळच्या गाडीनं हा माझ्यासंगं येईल.”

त्यांनी राकेशचे खिसे उलटे करायला लावले. बूटही काढले. राकेशचा चेहरा पांढराफटक पडला. शांतामावशी त्याच्या अगदी पाठीशी, चप्पल काढून उभी होती. देवळात काढतात तशी. का, कोण जाणे! यशवंतराव समोरून माझं चाक न्याहाळत होते.

तेव्हा मी काय केलं, माहीत आहे? श्वास कोंडला. माझी गंजकी स्प्रिंग जीव खाऊन ताणली. चाक फिरलं, फिरलं आणि आकडा लोखंडाच्याही वर! यशवंतरावांनी तिकीट दोनदा उलटसुलट केलं, लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि एकटेच परत गेले. राकेशची खुर्ची वाचली.

पुढे मी भंगारात निघालो, तेव्हा राकेशनेच मला उचलून आपल्या ओसरीत आणून ठेवलं. त्याची लेक दीपमाला आता माझ्या पायरीवर बसून बासी खाते. तर मित्रांनो, चौघांत बसून जेवा, वेळेवर झोपा, मनात साचलेलं कोणाला तरी सांगा. आणि घरातल्या जुन्या काट्याला अधूनमधून तेल घाला. कारण त्या दिवशी जर मी एकट्याने माझी स्प्रिंग...

“झूठ!” दीपमाला वाटी खाली ठेवून ओरडली. “काही ताणलं-बिणलं नाही यानं! शांताआजीनं मागून पाय टेकवला होता, तिनंच सांगितलं मले. एवढा मोठा पाय, आन् तुले समजलाच नाही काहून?”