बायोनच्या पायरीशी काढून ठेवलेला बूट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी किसनरावांनी मला पायातून काढले आणि अंगकोर वाटच्या जुन्या मंदिराच्या पायरीखाली, भिंतीला लावून ठेवले. मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना बूट आहे. राहणार कासारवाडी. त्या दिवशी मी कंबोडियात होतो.

माझा जन्म पिंपरीतल्या एका लहानशा दुकानात झाला. किसनराव तेव्हा चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्यांना मधुमेह झाला आणि पायांच्या नसा मंदावल्या. खिळा टोचला तरी त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी बजावले, की अनवाणी एक पाऊलही टाकायचे नाही, घरातसुद्धा. मग कारागिराने कागदावर त्यांच्या पावलाभोवती रेघ ओढली आणि मला बेतले. पुढे रुंद, आत मऊ, कुठेही शिवण लागू नये असा. कंपनीचे लोखंडी टोकाचे सुरक्षेचे बूट सुटले, म्हणून त्यांना प्रेसवरून हजेरीच्या टाइम ऑफिसात बसवले गेले. पाच वर्षे मी त्यांच्याबरोबर तिन्ही शिफ्ट केल्या. "या बुटानं पाय राखले माझे," असे ते कॅन्टीनमध्ये सांगत. निवृत्तीनंतर मात्र घरात मऊ चपला आल्या आणि मी रॅकवर पडून राहिलो. टाच एका बाजूने झिजली, ती कुणी बदलली नाही.

मुलगी मिनल आयटीत आहे, मारुंजीला राहते. आईबाबांना अंगकोर दाखवायचे तिने ठरवले आणि माझ्यावरची धूळ झटकली गेली.

"बाबा, इथे सगळे बूट घालूनच वर जातात. बघा ना," पायरीशी ती म्हणाली.

"जाऊ देत. मी बुद्धविहारात कधी चपला घालून गेलोय का?"

"विहारात सतरंजी असते. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना काय माहीत, मी कुणापुढे उभा राहणार आहे ते!"

"ऐकायचे नाहीत गं ते. लग्न झाल्यापासून बघतेय मी," भिमाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःच्या चपलाही माझ्याशेजारी काढल्या.

सकाळचा दगड गार होता. दोघे परत आले तेव्हा पाय धुळीने भरले होते, पण शाबूत होते. निभावले, असे मला वाटले.

पावणेबाराला आम्ही जवळच्याच बायोन मंदिराशी पोहोचलो. तिथल्या मनोऱ्यांवर चारही बाजूंना मोठमोठे दगडी चेहरे आहेत, ओठांवर हसू असलेले. किसनराव खालूनच हात जोडून पाहत राहिले. मग त्यांनी मला पुन्हा काढले. मिनल पाणी आणायला गेली होती. भिमाबाईंनी दगडावर पाऊल टेकवले आणि झटकन मागे घेतले.

"आई गं! तवा झालाय नुसता! अहो, घाला ते बूट."

"मला कुठं भाजतंय?" किसनराव म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच भाजत नव्हते. भीती होती ती त्याचीच. भिमाबाई सावलीत बसल्या. किसनराव चाळीस मिनिटे त्या चेहऱ्यांमधून फिरले. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका शांत होता, की मिनलनेही काही विचारले नाही. त्यांनी मोजे चढवले, मला घातले. थोड्या वेळाने माझ्या आतला मऊ थर ओला झाला. तो घाम नव्हता. हे फक्त मला ठाऊक होते आणि मला सांगता येत नव्हते.

संध्याकाळी सिएम रीपच्या रात्रीच्या बाजारात गेलो. दिव्यांच्या माळा, भाजलेल्या केळ्यांचा वास, चौकड्यांच्या सुती पंच्यांचे ढीग. भिमाबाई मराठीतूनच घासाघीस करत होत्या. "अगं बाई, पिंपरीच्या बाजारात याहून जाड मिळतो. हसतेस काय, भाव कमी कर!" विकणारी बाई आणखीच हसली. दोन तास मी किसनरावांसह चाललो. प्रत्येक पावलाला आतला ओलावा वाढत होता.

बाजाराच्या टोकाला पाय चोळून देणाऱ्या बायका खुर्च्या मांडून बसल्या होत्या. मिनलने वडिलांना तिथे बसवले. एका तरुणीने माझी नाडी सोडली, मोजा ओढला, तो सुटेना. तिने दिव्याखाली पाहिले आणि शेजारणीला हाक मारली. करंगळीच्या मुळाशी मोठा फोड फुटून मोजा मांसाला चिकटला होता.

"बाबा, दुखत नाही तुम्हाला?" मिनलचा आवाज फाटला.

"नाही गं. दुखलं असतं तर चाललो असतो का?"

हातातली पिशवी टाकून भिमाबाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला.

त्याला आज अकरा दिवस झाले. किसनराव चिंचवडच्या रुग्णालयात आहेत, मी रॅकवर. मी आता थकलो आहे. मित्रांनो, एवढेच सांगतो. घरात कुणाला हा मधुमेहाचा आजार असेल, तर रोज झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे पाहा. ते नको म्हणतील. तरी पाहा. श्रद्धेने बूट काढणाऱ्याला रागावू नका, त्याच्या पावलाखाली एक जाड कापड अंथरा.

सकाळी भिमाबाई डबा घेऊन निघाल्या. दारातच फोनवर मिनलला सांगत होत्या, की करंगळी काळी पडली आहे. बोट ठेवायचे की काढायचे, ते डॉक्टर शुक्रवारी ठरवणार आहेत.

आज बुधवार आहे.