दोन भाषांचा कीबोर्ड

आत्या न्यायालयात भाषांतरं करायची. साक्षीदार एका भाषेत बोलला की त्याची जबानी दुसऱ्या भाषेत, शब्दाला शब्द तोलून. निवृत्तीनंतरही कचेरीतून तिच्याकडे कागद यायचे, कारण तिच्यासारखं काम कुणाला जमत नसे. लग्न तिने केलं नव्हतं. भाचा हाच काय तो तिचा लाडका, आणि त्याच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाचं तर तिला कोण कौतुक!

तिचा जुना संगणक एकदाचा मान टाकून बसला, तेव्हा भाच्यानेच नवा आणून तिच्या टेबलावर मांडला. सगळं नव्याने भरताना यंत्राने विचारलं, कीबोर्ड कुठल्या भाषेचा? त्याने आत्याच्या कामाच्या दोन भाषांपैकी एक निवडली. पुढे पासवर्ड विचारला, तेव्हा आत्याने त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"तोंड तिकडे कर बघू."

"मी काय चोर आहे का गं?"

"चोर नाहीस, पण आगाऊ आहेस."

तिने न बघता भराभर बोटं चालवली. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. दुकानात एक गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. फोन कानाला लावूनच त्याने दुसरी भाषाही जोडली आणि सवयीने तीच यादीत वर, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी येईल अशी ठेवली, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेकांना तीच लागायची. या दोन कीबोर्डांत काही अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत, हे त्याला पाठ होतं. काम झाल्यावर यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघावं, हेही पाठ होतं. पण घाई होती. आत्याने दिलेला चहा त्याने उभ्या उभ्या संपवला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"अरे, पासवर्ड घेतच नाहीये. दहादा टाकला."

"नीट आठव, आत्या. विसरली असशील."

"मी? विसरीन?"

"या वयात होतं असं. मनावर घेऊ नकोस. आठवला की उघडेल."

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. भाच्याला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तो कामाला लागला.

आठवड्याने जेवताना वडील म्हणाले, "ताईनं कचेरीचं काम सोडलं. डॉक्टरकडेही जाऊन आली. मला म्हणाली, आईचं झालं तसंच माझंही सुरू झालंय."

आजीने शेवटी शेवटी स्वतःच्या मुलीलाही ओळखलं नव्हतं. तिचं सगळं आत्यानेच केलं होतं. भाच्याचा घास तोंडातच फिरायला लागला.

तो तसाच उठून आत्याकडे गेला. टेबलावरचा संगणक फडक्याने झाकलेला होता. आत्या उठली, पण नेहमीसारखी बोलली नाही.

"पुन्हा टाक बरं पासवर्ड," तो म्हणाला. "आणि हे डोळ्याचं चिन्ह दाब, म्हणजे अक्षरं दिसतील."

"आता कशाला लपवू? बघ."

तिची बोटं अजिबात अडखळली नाहीत. पडद्यावर मात्र भलतंच काहीतरी उमटलं. एका अक्षराच्या जागी दुसरं, आकड्याच्या जागी चिन्ह. भाच्याला एका नजरेत सगळं कळलं आणि त्याचे कान तापले. त्याने कोपऱ्यातली भाषा बदलली. तिने पुन्हा टाकला. उघडलं.

"म्हणजे मला आठवत होता?"

"हो. यंत्रातच जरा घोळ होता."

आत्या खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग हसली, मग त्याला बळेबळे जेवायला बसवलं, आणि "तू होतास म्हणून रे" असं तीनतीनदा म्हणाली. त्याला ते अन्न गोड लागेना. प्रत्येक वेळी खरं ओठांवर यायचं आणि घासाबरोबर आत जायचं.

घरी जायला निघाला, जिना उतरला, रस्त्यापर्यंत गेला. पाय पुढे पडेना. परत वर आला आणि दारातच उभं राहून बोलून टाकलं.

"आत्या, यंत्राचा घोळ नव्हता. मी फोनवर बोलत बोलत कीबोर्ड बदलला. तपासलाही नाही. आणि वर तुलाच विसरभोळी ठरवलं."

तिने दार पूर्ण उघडलं.

"कीबोर्ड चुकला त्याचं काही नाही रे," ती हळू म्हणाली. "पण तू 'या वयात होतं असं' म्हणालास ना, त्यानंतर मी रोज सकाळी उठले की आधी स्वतःचा पत्ता म्हणून बघायचे. येतोय का ते."

तो तिथेच उंबऱ्यावर टेकला.

"उद्या माझ्याबरोबर कचेरीत चल," ती म्हणाली. "मी तिथे सांगून आलेय की माझं डोकं चालत नाही. ते तू खोडून ये."

दुसऱ्या दिवशी मुख्य कारकुनासमोर भाच्याने घसा खाकरला. "साहेब, त्याचं काय झालं, एक तांत्रिक अडचण—"

"सरळ भाषांतर कर," आत्या शेजारून म्हणाली.

"मी चुकलो, साहेब. आत्याचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं."

कारकून हसले, पण चालू खटल्यांचे कागद एका तरुण बाईंकडे गेले होते आणि ते परत मागणं त्यांना बरं दिसेना. नवे आले की पाठवू, म्हणाले. महिन्याभराने थोडे आले. पूर्वीइतके कधीच आले नाहीत.

आत्या पुन्हा कामाला लागली, भाच्यावर पहिल्यासारखी डाफरू लागली. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. पण तो कधी तिच्याकडे गेला, ती संगणक सुरू करायला बसली, की त्याला दिसायचं: न बघता धावणारी तिची बोटं पासवर्डापाशी थांबतात, मग ती खाली बघून एकेक अक्षर शोधून दाबते, आणि पडदा उघडेपर्यंत श्वास रोखून धरते.

तेवढ्यापुरता तो खिडकीकडे तोंड करून उभा राहतो.