सबनीसांच्या घरची चेष्टा

बंगालातल्या बेहाल्यात राहणाऱ्या सबनीसांच्या घरी ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. हा बंगाली अर्थ तीन पिढ्यांपूर्वी शेजारून आत आला आणि घरजावयासारखा ऐसपैस बसला. तो परका आहे हे सांगणारं कुणी उरलंच नाही. गंमत करायची तर थट्टा होती की! घरातली लेक कादंबरी परीक्षेला निघाली की तिची आई नलिनी जिन्यावरून ओरडायची, “चांगली चेष्टा कर गं!” आणि पोरगी चांगली चेष्टा करून पहिली यायची.

आता ती एका केंद्रीय संस्थेत जीवशास्त्रात पीएचडी करत होती. विषय होता शहराच्या पूर्वेकडच्या भेऱ्या, म्हणजे शहराच्या सांडपाण्यावर मासे पोसणारी तळी. पाणी पुरेसं उन्हात थांबलं की त्यातले रोगजंतू मरतात, हे तिने गुडघाभर चिखलात उभं राहून तपासलं होतं. आणि इकडे सरकारची एक समिती रोग पसरतात म्हणून लहान भेऱ्या सरसकट बंद करण्याचा मसुदा लिहायला बसली होती. समितीत इंजिनिअर होते, अधिकारी होते, वकीलसुद्धा होते. जीवशास्त्रातलं काळं कुत्रं नव्हतं.

तेवढ्यात एक फेलोशिप निघाली. जीवशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांनी सहा महिने धोरणाच्या कामात उतरायचं, आणि निवडलेल्या एकाने याच समितीत बसून विज्ञानाचं प्रकरण लिहिणाऱ्या गटाचं नेतृत्व करायचं. कादंबरीला ती जागा हवी होती, आणि मनापासून हवी होती. कुणी वाचत नाही असे निबंध छापून तिला वीट आला होता.

तिचे गाईड डॉ. दिगंबर राजाध्यक्ष पुण्याहून बदलून आलेले. तिच्याशी ते आवर्जून मराठीत बोलत.

“सर, मी त्या धोरणाच्या फेलोशिपची चेष्टा करतेय. चालेल ना?”

सर खो खो हसले. “चालेल काय, करायलाच हवी! ज्यांना प्रयोग जमत नाहीत त्यांचे उद्योग ते. कर, खुशाल चेष्टा कर!”

खोच तिला टोचली, पण परवानगी ती परवानगी. तिने अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवडली गेली. फेलोशिपचं काम बघणाऱ्या सुरुचीदींनी भल्या मनाने सरांना अभिनंदनाचा फोन केला, आणि घोटाळा झाला तो तिथे.

“माझ्या पाठीमागे?” सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

“पाठीमागे कसं? तुम्हाला विचारलं होतं ना! तुम्हीच म्हणालात, खुशाल चेष्टा कर.”

“चेष्टा कर म्हणालो. अर्ज कर नाही!”

आधी कादंबरीच्या डोक्यात उजेड पडला आणि तिला हसू फुटलं. तिने अर्थ सांगितला. सरांनाही तेव्हाच हसता आलं असतं, गोष्ट तिथेच मिटली असती. पण मोठ्या माणसाला स्वतःची फजिती गिळता आली तर तो मोठा कसला?

“आधी मराठी शीक,” ते म्हणाले. “आणि त्यांना नाही म्हणून कळव. मराठी मुलगी म्हणून घेतलं तुला, त्याचे हे पांग फेडतेस?”

कादंबरीचं हसू विरलं. “मराठी म्हणून? मला जीवशास्त्र येत नव्हतं का, सर?”

“सोमवारी त्या समितीची बैठक आहे ना? त्या दिवशी तू लॅबमध्ये दिसली नाहीस तर तुझ्या प्रबंधावर गाईड म्हणून माझं नाव नसेल.”

इतक्या वर्षांचं काम होतं ते. नवा गाईड मिळेल न मिळेल. राजाध्यक्षांनी टाकलेल्या मुलीला सहजासहजी कोण घेणार? भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीतीच्या वर राग चढला.

“प्रबंधावर माझं नाव असलं की पुरे,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर येऊन तिने सुरुचीदींना फोन लावला. गाईडची संमती लागतेच का?

“नियमात कुठे नाही,” त्या हिंदीत म्हणाल्या. “रिवाज आहे. आजवर कुणी मोडला नाही.”

“मग मी मोडते.”

घरी नलिनीने कपाळावर हात मारला. “अगं, पाण्यात राहून माशाशी वैर?”

“मासे माझ्या बाजूचे आहेत, आई.”

“तोंड बघा हिचं!” नलिनी म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी तिने सोमवारसाठी स्वतःची कोरी तांतची सुती साडी काढून लेकीच्या पलंगावर ठेवली. सल्ला एक सांगे आणि साडी दुसरंच, अशी आई होती ती.

सोमवारी समितीच्या लांबलचक टेबलाशी सगळी तरुण मंडळी आपापल्या साहेबांच्या मागे बसली होती. कादंबरीने पुढची रिकामी खुर्ची ओढली. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि या शहरात कुठल्याही संशोधक पोरीला पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं.

“तुमि कार छात्री?” तू कुणाची विद्यार्थिनी?

आठवड्यापूर्वी तिने सरांचं नाव घेतलं असतं, आणि त्या नावाने टेबलावरच्या माना हलल्या असत्या.

“कुणाचीच नाही,” ती स्वच्छ बंगालीत म्हणाली. “मी कादंबरी सबनीस. तुम्ही जी तळी बंद करताय, त्यांचं पाणी मी तपासलंय. मसुद्याचं पहिलंच पान चुकलंय, तिथून सुरुवात करू या.”

कुणी खाकरलं. वकिलाने पेन खाली ठेवलं. मग अध्यक्षांनी मसुद्याचं पहिलं पान उघडलं.