सहा वाजता ये

"ओढ," ती म्हणाली.

दादाने दोरी ओढली. गवत कापायच्या मशीनने एक ढेकर दिला आणि ते गप्प बसलं.

"अजून."

इस्पितळाच्या मागच्या अंगाला तिचं वर्कशॉप होतं. जनरेटर, पाण्याचे पंप, बागेची यंत्रं, सगळं तिच्या हाताखाली. नऊ वर्षांत तिचा थोरला भाऊ पहिल्यांदाच या दारात आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आता तो शर्ट पाठीला चिकटला होता. चार वाजता मोठ्या मैदानावर अंतिम सामना होता. मैदानाची देखभाल दादाकडे. अर्धं गवत कापून होतं न होतं तोच मशीन बंद पडलं. रविवार, त्यामुळे दुकानं बंद.

"प्लग नवा घातला, फिल्टर नवा, पेट्रोलसुद्धा ताजं," तो धापा टाकत म्हणाला. "कार्बोरेटर दोनदा धुतला."

"ओढ."

तिसऱ्या खेपेलाच तिला कळलं होतं. दोरी ओढली की उलटा हिसका बसत होता, दादाची बोटं झटकली जात होती. म्हणजे ठिणगी पडत होती, पण भलत्या वेळी. तरी तिने त्याला आणखी वीसेक वेळा ओढायला लावलं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वर्कशॉपमध्ये दादा कायम काउंटरला बसायचा. अण्णांच्या शेजारी उकिडवी बसून, कोपरापर्यंत काळी होऊन शिकली ती हीच.

"पातं दगडावर आपटलं होतं?"

"किंचित."

"किंचित म्हणे!"

तिने वरचं झाकण काढलं, नट सोडवला, फ्लायव्हीलचं जड चाक उचललं. चाक आणि दांडा यांच्या खाचेत नखाएवढा धातूचा तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. पात्याला जोराचा धक्का बसला की आपण तुटायचं आणि इंजिन वाचवायचं, एवढंच तिचं काम. ती मधोमध कातरली गेली होती. चाक केसभर सरकलं होतं. मग नवं काहीही घाला, मशीन कसलं सुरू होतंय!

तिने खणातून तसल्या चाव्यांची डबी काढली. ती पाहून दादाचा जीव भांड्यात पडला.

"दहा मिनिटांचं काम ना?"

"पाच."

"सुटलो बाई!"

ती चिंधीला हात पुसत राहिली. "पाच वाजता ये."

आधी त्याला थट्टा वाटली. "अगं, सामना चारला आहे. अध्यक्ष येणारेत. गवत तसंच राहिलं तर माझं काम गेलंच म्हणून समज."

"समजले."

"असं काय करतेस?"

"अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. मला कधी कळवलंस?"

तो जमिनीकडे पाहू लागला.

"तिसऱ्या दिवशी. तेही फोनवर. 'सगळं आटोपलंय, आता घाई करू नकोस,' म्हणालास. तेव्हा अडीच तासांवर होते मी, दादा. त्यांचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस."

"त्याचा सूड आज उगवतेस?"

"हो."

इतकं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो स्टुलावर बसला. "घाबरलो होतो गं. तू आली असतीस तर कामगार तुझंच ऐकणार, वर्कशॉप तुझ्याच हातात जाणार. अण्णासुद्धा..." तो अडखळला. तिचं मन वळवायला त्याच्यापाशी आता एवढंच उरलं होतं. "अण्णासुद्धा तुलाच बोलवत होते. शेवटचे दोन दिवस. 'मिस्त्री कुठंय? मिस्त्रीला बोलवा.' नर्सला वाटायचं, कुणा कामगाराला हाक मारताहेत. मला ठाऊक होतं."

अण्णांखेरीज त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नव्हती.

तिने डबीचं झाकण घट्ट लावलं.

"मग सहा वाजता ये."

तो गेल्यावर तिने नवी चावी बसवली. खरोखर पाच मिनिटं लागली. मशीन पहिल्याच ओढीला सुरू झालं. तिने ते बंद केलं आणि पुसून दारापाशी ठेवलं. चारच्या सुमाराला लांबून भोंग्यावरच्या घोषणा ऐकू येऊ लागल्या. हे ऐकताना काळीज थंड होईल असं तिला वाटलं होतं. थोडं झालंही.

सहाला दादा आला. पँटच्या गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग.

"विळे घेऊन आठ माणसं बसवली. मीही बसलो. नाही उरकलं." तो दोरी हातात घेऊन म्हणाला, "काम गेलं."

"बरं झालं."

त्याने मशीन सुरू करून पाहिलं, बंद केलं आणि ढकलत फाटकाबाहेर नेलं. तिने त्याला वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग पायरीवर बसली आणि तोंडावर पदर दाबून रडू लागली.

संध्याकाळच्या पाळीचा रखवालदार फेरीला निघाला होता. इस्पितळात रडणारी माणसं त्याला रोजची, पण ही बाई त्याने कधी रडताना पाहिली नव्हती.

"ताई, घरचं कुणी गेलं का?"

"वडील."

"अरेरे. कधी?"

तिने डोळे पुसायचा प्रयत्न केला. हाताचं ग्रीस गालाला लागलं.

"आत्ताच कळलं," ती म्हणाली.

रखवालदाराने हातातली शिट्टी खिशात टाकली आणि तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.