पडद्याआडची लाल बाटली

मी एक लाल काचेची बाटली बोलतेय. दारूची नव्हे आणि सरबताचीही नव्हे. माझ्यात साखरपाणी भरतात आणि मला उलटी टांगतात. तोंडाला एक वाकडी नळी आहे, तिच्यातून हमिंगबर्ड पितात. अंगठ्याएवढं पाखरू, पण माज हत्तीचा. एका नळीसाठी दोघं अशी भांडतात की त्यापुढे भावकीची भांडणं बरी.

पण मला सांगायचं आहे ते एका खिडकीबद्दल. ती कुणी उघडली आणि का उघडली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या बाईला ते कळायला हवं होतं तिला मात्र मी सांगू शकत नव्हते. काचेला आरपार दिसतं, पण तोंड दिलंय ते दुसऱ्याला पाजण्यापुरतं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत, नदीच्या काठाला एक काचेचा कारखाना होता. आता तिथे नुसतं गवत आहे. हॉबर्ट तिथे काच फुंकायचा. पाळी संपताना भट्टीच्या तळाला थोडी काच उरायची. तिच्यातून कामगार घरासाठी काहीबाही करून घ्यायचे. कुणी काचेची काठी करायचा, कुणी डुक्कर. मुकादम तेवढा वेळ पाठ फिरवून विडी ओढत उभा राहायचा. मी घडले त्या दिवशी भट्टीत लाल काच होती.

हॉबर्टची बायको डेल्फा पाखरांच्या साखरपाण्यात दुकानातला लाल रंग घालायची. लाल दिसलं की ती येतात म्हणून. हॉबर्टला ते पटत नव्हतं. "बिचाऱ्यांना रंग पाजू नकोस," तो म्हणायचा, "रंग मी बाटलीला देतो." आणि त्यानं फुंकनळीत एक लांब श्वास सोडला. माझं पोट फुगलं ते त्या श्वासानं. म्हणजे माझा जो आकार आहे तो हॉबर्टचा एक श्वास आहे. मोठेपणा म्हणून नाही सांगत. पुढे त्याच्या छातीत श्वास उरेनासा झाला तेव्हा डेल्फा माझ्याकडे टक लावून बघायची, म्हणून सांगते.

ओसरीच्या छताला, बाहेरच्या खोलीच्या खिडकीसमोर, माझा आकडा होता. शेजारी दाण्यांचं ताट. तिथे हिवाळाभर लाल कार्डिनल पक्षी आणि काळ्या टोपीचे चिमुकले चिकडी यायचे, सांडायचे, एकमेकांना ढकलायचे. माझी पाखरं मात्र थंडीत दूर दक्षिणेला, समुद्रापार. एप्रिलच्या मध्याला परत यायची. कधी मी टांगलेली नसले तरी पहिला नर बरोबर माझ्या आकड्यापाशी यायचा, रिकाम्या हवेत थरथरत उभा राहायचा आणि खिडकीतून आत बघायचा. हॉबर्ट हाक मारायचा, "डेल्फे, मालक आलेत गं. पाणी चढव."

आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगारांच्या सुट्टीला, मला खाली काढायचं. हा त्या खोऱ्यातला नेम. बाटली तशीच राहिली तर पाखरं साखरेच्या मोहानं थांबतात आणि थंडीत मरतात, असा तिथे सगळ्यांचा समज होता. शेजारची आयसी तर कुणाची बाटली मंगळवारी टांगलेली दिसली की फाटकातून ओरडायची. मला हसू यायचं. पाखरं जातात ती दिवस लहान झाला की. मी भरलेली असो की रिकामी, त्यांना कोण धरून ठेवणार? पण माणसांना वाटतं, आपण खुंटी ठोकली म्हणून सूर्य थांबला.

मग हॉबर्टची छाती गेली. भट्टीची धूळ आणि धूर इतकी वर्षं आत साठत होता, त्यानं आपलं येणं वसूल केलं. त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोर दोन-तीन पावलांवर लावला. नाकात प्राणवायूची नळी आली आणि कोपऱ्यात एक यंत्र अखंड गुंगूं करू लागलं. डॉक्टरांनी डेल्फाला बाजूला घेऊन सांगितलं की पानगळ संपेपर्यंत तो राहणार नाही.

त्या वर्षी सप्टेंबरचा सोमवार आला आणि गेला. डेल्फानं मला काढलं नाही. उलट मला धुऊन, घासून, काठोकाठ भरलं. आयसीनं फाटकातून विचारलं तेव्हा म्हणाली, विसरले. विसरली वगैरे काही नव्हती. पाखरू थांबलं तर तोही थांबेल, असं तिच्या मनानं धरलं होतं. वेडी. पण मला तिच्यावर रागवता आलं नाही.

सगळी पाखरं गेली. ऑक्टोबरात एकच आलं, उत्तरेकडून मागे राहिलेलं, यंदाच जन्मलेलं, गळ्याला अजून लाल रंगही न चढलेलं. थकलं होतं. माझ्यावर दिवसभर पीत बसायचं. हॉबर्ट पडल्या पडल्या बघायचा. एकदा म्हणाला, "काढ गं ती बाटली. अडकवून ठेवलंयस तू त्याला."

 डेल्फा त्याची उशी नीट करून स्वयंपाकघरात गेली.

त्या आठवड्यात पहिलं कडक दंव पडलं. सकाळी पाखरू माझ्या नळीला पायांनी घट्ट धरून उलटं लटकलेलं होतं. डोळे मिटलेले, चोच वर. डेल्फानं बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. तिला वाटलं, मेलं. मला ठाऊक होतं की नाही मेलं. थंडीत हे पाखरू स्वतःला जवळजवळ विझवून घेतं, चुलीतला निखारा राखेखाली ठेवावा तसं. त्याच्या पायांतून मला त्याचं काळीज लागत होतं, सावकाश, थांबत थांबत. मी ओरडले असते. कशानं ओरडू?

खिडकीतून हॉबर्टनं सगळं बघितलं होतं. त्यानं खुणेनं सांगितलं, आत आण. डेल्फा दारात अडखळली. त्या डोंगरात म्हणतात, पाखरू घरात आलं की माणूस घराबाहेर जातं.

"आण गं," हॉबर्ट म्हणाला. "ते मेलेलं आणि मी अर्धा. आमचं काय वाकडं होणारे आता?"

तिनं पाखरू त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला काही बोलायचं होतं, पण खोकला आला. पुरायला डबी आणते म्हणून ती तळघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. तिथल्या पायरीवर रडत बसली असावी.

आता ऐका, कारण हे फक्त मी पाहिलं.

हॉबर्टनं दोन्ही तळवे मिटले, अंगठ्यांमध्ये एक फट ठेवली आणि तिथून आत फुंकर घालू लागला. भट्टीसमोर फुंकायचा तशीच, न घाई करता. एक श्वास, मग विश्रांती, मग आणखी एक. त्याच्याकडे देण्यासारखे फार नव्हते. बऱ्याच वेळानं पाखराची पिसं फुगली. ते कापायला लागलं. डोळा उघडला, टाचणीच्या टोकाएवढा, काळाभोर. आणि त्याच्या मुठीतून गुंजन सुरू झालं. हॉबर्टचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा परत तरुण झाला. त्यानं डेल्फाला हाक मारली, पण आवाज फुटला नाही.

पाखरू सुटायला बघत होतं. खिडकी वर सरकवायची, लाकडी, पावसानं फुगून उन्हाळ्यापासून घट्ट बसलेली. तो उठला. दोन पावलं गेला आणि नाकातली नळी ताणली गेली. पुरेना. एका हातात पाखरू होतं. त्यानं दुसऱ्या हातानं नळी ओढून काढली, जमिनीवर टाकली, खिडकीच्या चौकटीला खांदा लावला आणि वर रेटलं. खिडकी कुरकुरली आणि उघडली. पाखरू बाहेर आलं, माझ्यापाशी थांबून पोटभर प्यालं आणि दक्षिणेकडे गेलं. हॉबर्टनं ते जाताना बघितलं. मग पलंगावर बसला, आडवा झाला. हात उघडाच होता.

डेल्फा वर आली तेव्हा खिडकी सताड उघडी, पाखरू नाही, नळी जमिनीवर आणि हॉबर्ट गेलेला.

तिनं आधी नळी उचलली आणि त्याच्या नाकात परत बसवली. मग आयसीला हाक मारली. नळीचं तिनं कुणाला, पोटच्या पोरीलाही, कधी सांगितलं नाही. आयसी मात्र गावभर सांगत राहिली की ती खिडकी माणसाच्या हातानं उघडलेलीच नाही, मेलेलं पाखरू त्याला घेऊन गेलं. लोकांच्या अंगावर काटा यायचा. डेल्फाला त्या गोष्टीची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती आणि ती मला तिच्या तोंडूनच कळली. रिकाम्या पलंगापाशी बसून ती पुटपुटायची, "नळी का काढलीस रे? इतका रागावलास माझ्यावर?"

मला तिनं काढलं, धुतलं आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवून पडदा ओढला. टाकवेना आणि बघवेना. यंत्र परत गेलं. खोलीतली गुंगूं थांबली. पहिल्यांदा त्या घरात मला शांतता ऐकू आली आणि ती मला आवडली नाही.

एप्रिल आला आणि गुंजन परत आलं. पाखरं रिकाम्या आकड्यापाशी थांबायची, मग त्यांना काचेआड मी दिसायचे, लाल. खिडकीवर चोची मारायची. टक. टक. पडद्याच्या पलीकडे डेल्फा बसलेली असायची. ते यंत्राचं गुंजन आहे की पाखरांचं, तिला कळायचं नाही. ती म्हणायची, "जा रे. काय पाहिजे तुला?" पाखराला नाही म्हणायची, हॉबर्टला म्हणायची. ऊन उतरलं की माझ्यातून आलेला लाल डाग पडद्यातून पलीकडच्या भिंतीवर पडायचा, आणि ती उठून खोलीबाहेर जायची. असे कितीतरी वसंत गेले. त्या घरात एक बाई, एक रिकामी बाटली आणि मध्ये एक पडदा. सांगायचं ते माझ्या पोटात, आणि मी मुकी.

शेवटी तिच्यानं ते सोसवेना. रोंडा, तिची मुलगी, ओहायोत राहते. रविवारी येऊन आईला घेऊन जाणार असं ठरलं. घर विकायचं. डेल्फा खोकी भरू लागली. माझ्यासाठीही जुन्या वर्तमानपत्राचा कागद काढून ठेवला होता.

आणि डॉगवुडची थंडी पडली. त्या झाडाची पांढरी फुलं उमलली की दर वर्षी एकदा हिवाळा काहीतरी विसरल्यासारखा मागे फिरतो. फुलांवर बर्फ साचला होता. सकाळी डेल्फानं खोकी बांधायला उजेड हवा म्हणून पडदा सारला. माझ्या रिकाम्या आकड्याला एक पाखरू उलटं लटकलेलं होतं.

 ती ओसरीवर गेली आणि ते काढून आत घेऊन आली. उंबऱ्यावर थांबलीही नाही. "आता इथून न्यायला मीच उरलेय," म्हणाली. खिडकीसमोर, जिथे पलंग असायचा तिथे खुर्चीवर बसली. तिला ते पुरायचं होतं, पण आधी नुसतं हातात धरायचं होतं. दोन्ही तळवे मिटून ते छातीशी धरून बसली.

मी वाट बघत होते. इतकी वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं.

पाखरू कापलं. डेल्फा दचकली. तिनं अंगठे जरा बाजूला करून आत बघितलं. डोळा उघडला होता. मग गुंजन सुरू झालं, तिच्या मुठीतून, आणि तिच्या तोंडून "आई गं" एवढंच आलं. ती उठली. एका हातात पाखरू, दुसऱ्या हातानं खिडकी लोटायला लागली. खिडकी हलेना. तिनं खांदा लावला. त्याच जागी, त्याच चौकटीला. खिडकी कुरकुरत वर गेली आणि पाखरू बर्फावरून उडून गेलं.

ती उघड्या खिडकीत उभी राहिली. थंडी आत येत होती. तिनं आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग वर सरकलेल्या खिडकीकडे. मग जमिनीवर त्या जागेकडे, जिथून तिनं नळी उचलली होती. यंत्र असायचं त्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंतचं अंतर तिनं डोळ्यांनी मोजलं. तिचे ओठ हलले.

"नळी पुरली नाही," ती म्हणाली. "पुरली नाही म्हणून काढलीस."

मग ती मोठ्यानं रडली. त्या घरात इतकं मोठ्यानं तिला रडताना मी ऐकलं नव्हतं. डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली, एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी उकळलं, आणि गार व्हायची वाट बघताना मला कोमट पाण्यानं धुतलं. माझ्या पोटावरून तिचा अंगठा फिरत होता, जिथे काच जरा जाड आहे आणि त्याचा श्वास जरा अडखळला होता तिथे.

रविवारी रोंडा आली ती रिकाम्या हातानं परत गेली.

आता मी जिथली तिथे आहे. डेल्फा म्हातारी झालीय, पाखरं तशीच भांडकुदळ. सप्टेंबरचा सोमवार जातो आणि ती मला काढत नाही. आयसी फाटकातून अजून ओरडते, आणि डेल्फा म्हणते, "ज्याला जायचंय तो जातो गं बाई. आपण फक्त भरून ठेवायचं." शेवटचं पाखरू गेलं की माझी नळी काढून मला नुसतं टांगून ठेवते. हिवाळ्यात खोऱ्यातून वारा येतो आणि माझ्या उघड्या तोंडावरून जाताना एक लांब, घोगरा सूर निघतो. माझ्यात जो श्वास आहे तोच तो. डेल्फा तेव्हा पडदा सारते, खुर्ची ओढते आणि ऐकत बसते.  थंडी असली तरी खिडकी बोटभर उघडी ठेवते.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही मुकं असेल. त्याला कागदात गुंडाळून खोक्यात घालण्याआधी, एवढंच करा, एकदा पडदा उघडून बघा.