कासमभाईचे तीन फ्यूज

दुरुस्तीचे पैसे गिऱ्हाईक रडतखडत का होईना देतं, पण येण्याचे मागितले की त्याच्या पोटात कळ येते. "नुसतं आलास न् बघितलंस, त्येचं कसलं पैसं?" नारायणगावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, कासमभाईने, यावर तोडगा काढला होता. विहिरीत उतरण्याआधी तो पेटीतले तिन्ही फ्यूज काढून खिशात घालायचा. वर कोणी चुकून बटण दाबलं तरी जिवाला धोका नाही. आणि वर आल्यावर गिऱ्हाईक टाळाटाळ करू लागलं, तर फ्यूज खिशातच ठेवून सरळ फटफटीला किक मारायचा. पाणी अडलं की माणूस संध्याकाळपर्यंत पैसे घेऊन दारात हजर.

राजुरीचा भिमाजी या बाबतीत सगळ्यांचा बाप. त्याचे फ्यूज दोनदा आमच्या घरी मुक्कामाला आले. पुन्हा अडायला नको म्हणून पठ्ठ्याने बाजारातून जादाचे फ्यूज आणून ठेवले. येण्याचे पैसे देण्यापेक्षा ते बरं वाटलं त्याला!

१९९७च्या उन्हाळ्यात त्याच्या मोटारीचं बेअरिंग वाजायला लागलं. फटफटी बिघडली होती, म्हणून भाई वडापच्या जीपने फाट्यापर्यंत गेला आणि पुढे चालत. भिमाजी लांबच्या रानात होता. भाईने फ्यूज खिशात घातले आणि विहिरीत उतरला. मागून भिमाजी आला. बघतो तर पेटी रिकामी. फटफटीही कुठे दिसेना. त्याला वाटलं, कासम मागच्या बाकीपायी फ्यूज घेऊन गेला. त्याने हसत जादाचे फ्यूज बसवले आणि हिरवं बटण दाबलं. विहिरीत डोकावला नाही. भाई जागच्या जागी गेला.

भाईच्या खिशातले फ्यूज त्याच्या बायकोने, सायराभाभीने, ठेवून घेतले. भिमाजीने पाय धरले, पैसे पुढे केले. भाभीने त्या पैशांना हात लावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात भिमाजीचा फोन आला.

"उमरभाई, मोटार वाजतीया."

"मग वाजू दे."

"आरं, ती कवाच इकली म्या. हिरीत मोटारच न्हाई. तरी वाजतीया. लई वर्सं झाली."

त्याच्या कानाचा इलाज माझ्याकडे नव्हता आणि त्याची कीवही येत नव्हती. तरी गेलो. भावाची विहीर होती ती.

भर दुपारी कठड्याशी उभे राहिलो. खाली हिरवं पाणी, दगडी कट्ट्यावर मोटारीची जागा रिकामी. आणि मग ऐकू आलं. मोटारीचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. बेअरिंगची खरखर होती, भाई ज्यासाठी उतरला होता तीच.

"तुलाबी आलं ना?" भिमाजीने विचारलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. मी मान हलवली.

"त्येचं काम आर्धं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "त्या दिसाचं येण्याचं पैसं म्या दिलंच न्हाईत. ह्ये घे, आन् माजं फ्यूज परत आण. त्यो सुटंल. मीबी सुटंन." त्याने पन्नासाची नोट माझ्या मुठीत कोंबली.

भिमाजी सुटावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण भाई सुटावा असं फार वाटत होतं. मी नोट भाभीपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

भाभीने कपाटातून डबा काढला. फ्यूज लख्ख पुसलेले होते.

"देऊन टाक, भाभी."

"उमर, पैसे मिळाले, फ्यूज परत दिले, की काम संपतं ना?"

"हो."

"आणि काम संपलं की तुझे भाई घरी येतात. दरवेळी आले." तिने डब्याचं झाकण लावलं. "या खेपेला आले नाहीत. म्हणजे अजून कामावरच आहेत."

भाभीने नोट माझ्याकडे सरकवली.

"तू खरंच ऐकलंस? अजून काम चालू आहे तिथे?"

"ऐकलं, भाभी."

इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. तिने डबा ओढणीखाली घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

"चल," म्हणाली, "मलाही ऐकव."