बायांच्या बाजूला

सिद्धम्मानं सदऱ्याची बाही धरून ओढली, आन रेवणप्पा आडोसा हुडकायला लागला. नांदेडचं ऊन, भर रस्ता, आन दवाखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले दोघं नवरा-बायको. बाही ओढली म्हंजे तिला लघवीला जायचं. तोंडानं सांगायचं ती कवाच विसरली होती.

उदगीरला घरी काय अडचण नव्हती. तिथं रेवणप्पाच तिला न्यायचा. लुगडं सावरायचा, बसवायचा, पाणी घालायचा. पह्यले पह्यले निऱ्या उलट्याच खोवायचा. सारा जन्म किराणा दुकानात साखर तोलण्यात गेलेला माणूस, त्याला असलं कोण शिकवणार? पर शिकला. परगावी जायचं झालं तर लेक शिवकन्या लातूरहून यायची, आईला बायांच्या बाजूला तीच न्यायची. ह्या बारीला तिची सासू मोरीत पडली. "अप्पा, पुढच्या हप्त्यात जाऊ," म्हणली होती. पर डाक्टराची तारीख लई मुश्किलीनं मिळालेली. "मी हाय की," रेवणप्पा म्हणला. "बायको माझीच हाय, कुणाची उसनी आणली न्हाई."

ती फुशारकी आता अंगलट आली.

रस्त्याच्या कडंला शौचालय होतं. दोन दारं. एकावर फेटेवाला मिशाळ गडी रंगवलेला, दुसऱ्यावर कुंकू लावलेली बाई. मधी टेबल टाकून दगडोबा नावाचा माणूस बसलेला.

"बायको हाय माझी," रेवणप्पा खालच्या आवाजात म्हणला. "डोकं चालत न्हाई तिचं. एकटीला जमत न्हाई. मी आत नेतो, लगेच येतो."

"बायांच्या बाजूला?" दगडोबा हसला. "अप्पा, मला घरी बसवता का? कायदा हाय. पुरुष आत शिरला की केस. बाया चपलानं हाणतेत ते येगळंच."

"मग पुरुषांच्या बाजूला नेऊ?"

"न्या की. रांगेनं उभे हायत सगळे. म्हातारीला तमाशा दावायचा आसंल तर न्या."

टेबलाशेजारी बाकड्यावर बसलेले दोघं गडी खिदळले. रेवणप्पाची कानशिलं तापली. पर माणूस न्यायानं चालणारा. शिवकन्या आत असती आन असाच कुणी बाप्या आत निघाला असता, तर त्याची गचांडी पह्यले रेवणप्पानंच धरली असती. कायद्याची चूक न्हाई. कायदा लिहिणाऱ्याच्या घरात सिद्धम्मा नसंल, येवढंच.

तिनं परत बाही ओढली. जोरात.

येवढ्यात आतून एक कॉलेजची पोरगी बाहेर आली. रेवणप्पानं हात जोडले. "बाई, हिला जरा आत न्या. कडी लावू देऊ नका, अडकून बसती."

पोरगी भली निघाली. "या आज्जी, मी पुनम," म्हणत तिनं सिद्धम्माचा हात धरला. दोघी आत गेल्या. रेवणप्पानं सुस्कारा सोडला, उपरण्यानं तोंड पुसलं, तोच आतून आरोळी आली.

"ब्याडा! ब्याडा! री! री!"

सिद्धम्माचं माहेर भालकीकडचं. मराठी तिची येत-जात होती, तळाला माहेरचं कानडी तेवढं पक्कं उरलं होतं. ब्याडा म्हंजे नको. आन री म्हंजे अहो. लगीन झाल्यापून नवऱ्याला तिनं दुसरी हाकच मारली नव्हती.

पुनम आतून वरडली, "आजोबा, ह्या हात लावू देईनात!"

मग कुठला कायदा आन कुठलं काय. रेवणप्पा चपला तिथंच टाकून त्या कुंकवाच्या दारातून आत घुसला.

आत एकच गलका झाला. "बाप्या शिरला, बाप्या!" कुणी पदर ओढला, कुणी बादली फेकली. "म्हातारचळ लागला का रं तुला मुडद्या?" दगडोबानं मागून मानगूट धरली आन त्याला बाहेर आणला. मागून पुनम सिद्धम्माला घेऊन आली. चौकातली पोलीसबाई बी शिट्टी तोंडात धरून धावत आली.

"म्याडम, माझी बायको हाय."

"सगळे असंच म्हणतेत," पोलीसबाई म्हणली. सिद्धम्माकडं वळून तिनं आवाज मऊ केला. "आज्जी, घाबरू नका. मालकाचं नाव काय तुमच्या?"

सिद्धम्मानं मान खाली घातली. पदर तोंडाला लावला.

"नाव सांगा की. हेच हायत का?"

सिद्धम्मा लाजली. सत्तरीची बाई, नवी नवरी लाजती तशी. 

"बघा," दगडोबा म्हणला, "वळखत न्हाई."

"आरं बाबा, नाव कशी घेईल?" मागून आवाज आला. झाडलोट करणारी लक्ष्मम्मा ओल्या हातानं येऊन उभी राहिली होती. "माझी सासू मरुस्तोवर घेतली न्हाई. रेशनच्या दुकानात मला पुढं करायची."

रेवणप्पाला त्या गर्दीत, त्या फजितीत बी बरं वाटलं. पोरांची नावं गेली, गावाचं नाव गेलं, पर नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे तिच्या ध्यानात हाय. म्हंजे नवरा ध्यानात हाय.

पोलीसबाईनं शिट्टी खिशात टाकली. आन मग सगळ्यांचंच ध्यान खाली गेलं. येवढे लोक वाद घालत उभे होते, तवर सिद्धम्माचं लुगडं भिजलं होतं. फरशीवर वघळ आला होता. ती पायानं तो पुसू बघत होती.

कुणी हसलं न्हाई.

लक्ष्मम्मानं आतल्या बाया बाहेर काढल्या, दारात आडवी बादली ठेवली. "जा अप्पा. घेऊन जा तिला. धुऊन घ्या. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

पोलीसबाईनं तोंड दुसरीकडं केलं. म्हंजे परवानगी झाली.

आत कुणीच नव्हतं. नळ गळत होता. रेवणप्पानं तिला भिंतीशी उभं केलं, पिशवीतून दुसरं लुगडं काढून खांद्यावर टाकलं आन खाली वाकून ओल्या निऱ्यांना हात घातला.

सिद्धम्मानं फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"सरका तिकडं! हे बायांचं हाय."

"अगं, मी हाय. मी."

तिनं त्याला खालवर पाह्यलं. डोळ्यात वळख न्हाई, नुस्तं भ्या. पदर छातीशी गच्च धरून ती म्हणली, "दादा, पाया पडते, बाहेर व्हा. आमचे मालक दारातच उभे हायत. हाक मारीन मी."

आन त्याच्या डोक्यावरून, दाराकडं बघून तिनं खरंच हाक मारली. "री!"

समोर उभा राहून ओ कसा द्यावा माणसानं?  कोरडं लुगडं रेवणप्पानं नळाजवळच्या खुंटीला अडकवलं आन तो उलट्या पावलानं बाहेर आला.

"काय झालं?" लक्ष्मम्मानं इचारलं.

"तूच जा माय."

ती आत गेली. दार लागलं. रेवणप्पा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आतून परत रडवेली हाक आली, "री!"

"हां," तो म्हणला. "हाय गं. हितंच हाय."

आतलं रडं थांबलं. बादलीत पाणी पडायला लागलं. जरा येळानं लक्ष्मम्मा आतून म्हणली, "अप्पा, बोलत ऱ्हावा. तुमी गप झालात की ही हात झटकून राहिली."

मग रेवणप्पा बोलत राहिला. यष्टी चारला हाय म्हणला. खिडकीची जागा धरू म्हणला. घरी गेल्यावर ज्वारीच्या कण्या करू, ताक घालून, तुला आवडतं तसं. येणारे-जाणारे बघत होते, म्हातारा भिंतीशी बोलून राहिला म्हणून. आतून मधून मधून हुंकार येत होता, लाजरा, वळखीचा. भिंतीपल्याड ती अजून त्याचीच होती.

दाराची कडी वाजली. रेवणप्पानं तिकडं पाह्यलंच न्हाई, भिंतीकडं तोंड फिरवून तो बोलतच राहिला.